मोटार-मंडळांच्या आठवणी आणि त्यांतील ‘आम्ही’

मुंबईतील ज्या मोटार-मंडळाचे आम्ही १९७९ पासून सभासद आहोत, त्याच्या कार्यवाहांनी जुन्या सभासदांच्या आठवणींची एक स्मरणिका काढण्याचे योजिले आहे. आमच्याकडेही मागणी आली. सोलापुरात राहून दोन आसनांची जुनी विलायती मोटार चार दशकांहून अधिक काळ सांभाळणारे लोक फार नसावेत; तेव्हा आमच्याकडून काही चमत्कारिक मजकूर मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. लिहिण्यापूर्वी इतरांनी काय लिहिले आहे ते पाहावे, म्हणून कपाटातील मंडळाच्या वार्षिकांचे गाठोडे सोडले आणि आठ दिवस तेच वाचीत बसलो. त्या वाचनाने आठवणी लिहिण्याचा उत्साह मावळला आणि टीका लिहिण्याचा मात्र जागा झाला. प्रस्तुत लेख हे त्याचे फळ होय. यातील पहिला प्रहार आमच्याच एका जुन्या लेखावर व्हावयाचा आहे. तेव्हा इतर सभासदांनी राग मानण्याचे कारण नाही.

मोटारीच्या नादाला वाङ्मयविषयक मासिकात जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु आठवणी लिहिणे हा वाङ्मयाचाच एक प्रकार आहे. नाटकमंडळ्यांच्या, शिकारीच्या, डोंगर चढण्याच्या आठवणी आपण वाचतो, आणि त्या खऱ्या वाटतात की नाही हे पाहतो. मोटारवाल्यांस या कसोटीतून सूट देण्याचे कारण नाही. माणूस आपल्या हौसेविषयी लिहितो तेव्हा तो सर्वांत बेसावध असतो. म्हणूनच त्याच्या स्वभावाची आणि त्याच्या समाजाची खूण त्या लेखनात स्पष्ट उमटते.

प्रथम या मंडळांविषयी थोडेसे. वेगवान लहान मोटारींच्या हौशी मालकांनी एकत्र येण्याची चाल मूळची इंग्लंडातली. एम. जी. मोटारींच्या मालकांचा क्लब तेथे १९३० साली निघाला, आणि १९३४ साली जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचा क्लब स्थापन झाला. मोटारी स्वस्त व मुबलक होऊ लागल्या तशी त्यांच्या घडणीतील कसब उतरत चालले, अशी या दुसऱ्या क्लबातील मंडळींची धारणा होती. त्यांनी १९३० हे साल सीमा म्हणून ठरविले व त्यापूर्वीच्या मोटारींस विशेष मान दिला. अमेरिकेतील स्पोर्ट्‌स कार क्लब १९४४ साली, ऐन महायुद्धात, बॉस्टन शहरी जन्मला. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, पण ती सर्वच मोटारवाल्यांची संस्था. केवळ शर्यतीच्या हौसेने निघालेल्यांत १९५३ सालचा मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब प्रमुख होय. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील विमानांची एक धावपट्टी होती, तिच्यावर या क्लबाच्या शर्यती कित्येक वर्षे होत असत. पुढे १९९० साली इरुंगट्टुकोट्टई येथे खास बांधलेला मार्ग तयार झाला.

इंग्लंड-अमेरिकेतील क्लब आणि आपल्याकडील मंडळे यांत एक भेद आहे, आणि आमच्या टीकेचा सारा रोख त्या भेदावर आहे. तेथे मोटार बिघडली तर भाग विकत मिळत असे. येथे स्वातंत्र्यानंतर परकी मोटारींची आयात जवळजवळ थांबली. सुट्या भागांसही परवाने लागू लागले. देशात ज्या मोटारी तयार होत, त्यांत स्पोर्ट्‌स मोटार नव्हती. आमच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या. त्या कुटुंबवत्सल मोटारी होत्या. हौशी लोकांनी त्याच फियाटींची इंजिने खोलून, तासून, त्यांना शोलावरमच्या शर्यतींत उतरविले. ज्यांच्याजवळ युद्धापूर्वीची किंवा युद्धानंतर लगेचची विलायती मोटार होती, त्यांस प्रत्येक मोडका भाग येथेच घडवून घ्यावा लागे. म्हणजे आपल्याकडे या मंडळांचा आधार मालकाचा पैसा जितका, तितकेच, किंबहुना अधिक, मिस्त्रीचे हात होते. मिस्त्री नसता तर मंडळाचा एकही मेळावा झाला नसता.

आता वार्षिकांकडे वळू. आमच्या गाठोड्यात एकतीस अंक निघाले. त्यांतील आठवणींचे लेख वेगवेगळ्या हातांचे असूनही एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. आरंभी लेखकाने मोटार प्रथम कोठे पाहिली त्याचे वर्णन. ती बहुधा एखाद्या संस्थानिकाच्या पागेत किंवा कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी धूळ खात पडलेली असते. मग घासाघीस, मग ती ‘पूर्ववत्’ झाल्याचे एका वाक्यात निवेदन, आणि त्यानंतर घाट, वेग, पारितोषिके, अध्यक्षांचे कौतुकाचे शब्द. धुळीने माखलेली मोटार व चकचकीत मोटार यांच्यामध्ये जी दोन-तीन वर्षे जातात, ती या लेखांत सापडत नाहीत. सर्व नाट्य, सर्व निराशा, सर्व बुद्धिचातुर्य त्या वर्षांत घडलेले असते. आणि नेमकी तीच वगळलेली असतात. एखाद्या कादंबरीकाराने नायकनायिकेची पहिली भेट व नातवाचे बारसे एवढेच सांगावे, तशातला हा प्रकार.

हे का घडते, याचा विचार करता आमची दृष्टी एका सर्वनामावर खिळली. ते सर्वनाम ‘आम्ही’. मराठी लेखकाला हे फार सोयीचे असते, आणि प्रस्तुत लेखकही त्याचा आश्रय करीत आहे. टीकाकाराचे ‘आम्ही’ हे संकोचाचे असते. ‘मी’ म्हणण्याचा उद्धटपणा टाळावा, एवढाच त्याचा हेतू. मंडळाच्या अहवालातील ‘आम्ही’ हे खरोखरीचे अनेकवचन असते. परंतु या आठवणींतील ‘आम्ही’ तिसऱ्याच जातीचे आहे. ते दिसावयास अनेकवचन आहे, पण त्यात दुसऱ्या माणसाला प्रवेश नाही. काम दुसऱ्याने केलेले असते, ‘आम्ही’ म्हटल्याने ते खोटेही ठरत नाही, आणि मान मात्र एकट्या लेखकास मिळतो.

उदाहरण आमच्याच लेखाचे देतो. १९८४ च्या वार्षिकात आम्ही लिहिले होते : ‘इंदापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली, आम्ही अर्ध्या तासात ती सुरू केली व सायंकाळी पुण्यास पोहोचलो.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आता घडले ते ऐका. मे महिना होता. आमची मोटार म्हणजे एम. जी. कंपनीची टी. सी.; १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार निघाल्या, त्यांपैकी एक. हिचा पेट्रोलचा विजेचा पंप इंजिनाच्याच कप्प्यात, मागच्या पत्र्यावर बसविलेला असतो. इंग्लंडच्या हवेत ते चालते. सोलापूर-पुणे रस्त्यावर वैशाखातल्या दुपारी पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप रिकामाच टकटक करीत राहतो. आमच्या शेजारच्या आसनावर आमचे मिस्त्री होते. त्यांनी टोपण उघडण्यापूर्वीच ती टकटक ऐकली आणि ‘पेट्रोल न्हाई येत, वाफ येतीया’ असे सांगितले. खांद्यावरचा पंचा पिण्याच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला, वर पाणी धरीत राहिले, आणि अर्ध्या तासाने मोटार सुरू झाली. त्या अर्ध्या तासात लेखातील ‘आम्ही’ कडुनिंबाखाली बसून कलिंगड खात होते.

पुढच्या वर्षी मिस्त्रींनी तो पंप तेथून काढून मागे, टाकीजवळ, थंड जागी बसविला. पुन्हा तो प्रकार झाला नाही. १९८६ च्या वार्षिकात या सुधारणेवर आमचा लेख आहे. त्यात आकृती आहे, मापे आहेत, आणि ‘आम्ही पंप मागे नेला’ असे वाक्य आहे. चारपाच सभासदांची अभिनंदनपर पत्रे आली. ती आम्ही जपून ठेविली आहेत.

येथे कोणी म्हणेल, मालकाने पैसे दिले, जोखीम त्याची, गाडी त्याची; शिंप्याचे नाव कोटावर लिहिण्याची चाल नाही, मग मिस्त्रीचेच का हवे? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. मिस्त्रीचा उल्लेख उपकारस्मरणाच्या यादीत व्हावा एवढेच आमचे म्हणणे असते, तर तो शिष्टाचाराचा प्रश्न झाला असता. आमचा मुद्दा वाङ्मयाचा आहे. मिस्त्रीला वगळल्याबरोबर लेखातून ज्ञान नाहीसे होते. ती वाफ कोणी ओळखली, कशावरून ओळखली, हे वगळले की उरते काय? ‘बंद पडली, सुरू झाली.’ असे लेख कंटाळवाणे होतात ते लेखकास भाषा येत नाही म्हणून नव्हे. ज्याला काही कळत होते, त्यालाच लेखाबाहेर ठेवले म्हणून.

परदेशी वाङ्मयाचा अनुभवही याला पुष्टी देतो. मोटारींच्या शर्यतींवर इंग्रजीत ढीगभर लिहिले गेले आहे, आणि त्यांतील एक उत्कृष्ट लेख शर्यत जिंकणाऱ्याचा नसून त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा आहे. १९५५ साली इटलीतील मिले मिल्या ही सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत स्टर्लिंग मॉस याने मर्सिडीजमधून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. शेजारी होता ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा बातमीदार डेनिस जेंकिन्सन. त्याने सगळ्या रस्त्याची वळणे, चढउतार, धोके एका लांब कागदाच्या गुंडाळीवर आधीच टिपून ठेवले होते, आणि इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे अशक्य म्हणून ठरलेल्या हस्तसंकेतांनी तो पुढचा रस्ता मॉसला सांगत होता. नंतर लिहिलेल्या लेखात त्याने आपली फजितीही लपविली नाही. ओकारी आली असता बाहेर डोकावताना चष्मा वाऱ्याने उडून गेला, हे तो सरळ सांगतो. शेजारी बसणाऱ्याला रस्ता दिसतो, चालविणारा दिसतो आणि आपली भीतीही दिसते. सुकाणूच्या चाकामागे बसलेल्यास बहुधा स्वतःचा पराक्रम तेवढा दिसतो.

दुसरे उदाहरण मुलांच्या पुस्तकाचे. डॉन स्टॅनफर्ड याची ‘द रेड कार’ ही कादंबरी १९५४ साली अमेरिकेत निघाली. तिच्यात एक शाळकरी मुलगा आमच्याच जातीची एक मोडलेली टी. सी. मिळवितो व दुरुस्त करतो. पण ग्रंथकाराला ठाऊक आहे की एकटा मुलगा ती दुरुस्त करू शकणार नाही; म्हणून गावातला एक मेकॅनिक कथेत गुरूच्या जागी येतो. कथा त्यानेच उभी राहते.

आणि आपल्याकडचे म्हणाल, तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या, तेव्हा लोकांनी ज्या आठवणी सांगितल्या त्या आमच्या वार्षिकांतील बहुतेक लेखांहून सरस होत्या. त्यांत मोटार होती, पण तिच्याबरोबर टॅक्सीवालाही होता. पावसात थांबलेला, सुटे पैसे नसलेला, रात्री रुग्णालयात पोहोचविणारा. ती मोटार सांगणाऱ्यांच्या मालकीची नव्हती, म्हणूनच कदाचित त्यांना दुसरा माणूस दिसला.

मंडळाविषयी आम्ही कृतघ्न आहोत असा समज होऊ नये. या मंडळाने आम्हांस पुष्कळ दिले. सोलापूरसारख्या दूरच्या गावातल्या अननुभवी तरुणाच्या पत्रांना वडील सभासदांनी पानेच्या पाने उत्तरे लिहिली. कार्बोरेटरच्या सुया टपालाने धाडल्या व किंमत घेतली नाही. जुनी वस्तू टाकावयाची नसते, तिच्यात कोणाचे तरी कसब साठलेले असते, ही दृष्टी आम्हांस तेथेच लाभली. म्हणूनच तक्रार करावीशी वाटते. कसब जपण्यासाठी निघालेल्या मंडळाने कसबी माणसाला दाराबाहेर ठेवावे, ही विसंगती लहान नाही. दाराबाहेर हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्या मे महिन्यातल्या प्रवासाच्या शेवटी मुंबईत मंडळाचे भोजन झाले. आम्ही आत गेलो. मिस्त्री बाहेर, ड्रायव्हर लोकांच्या पंगतीला बसले. त्या वेळी आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. आज हेच वावगे वाटते.

त्या वर्षांत खरोखर काय घडत होते, त्याचा नमुना म्हणून दोन गोष्टी नोंदवून ठेवतो.

आमचे मिस्त्री मूळचे गिरणीतले फिटर. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी निघाली, तिलाच पुढे लोक जुनी मिल म्हणू लागले. गिरण्यांतली यंत्रे लँकेशायरची. त्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे, आणि पानेही त्याच मापाचे. टी. सी. ची नटे या गिरणीतल्या पान्यांना तंतोतंत बसली. मिस्त्री खूश झाले. पण नवा बोल्ट लावू गेले तो आटे जुळेनात. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला, ‘डोकं इंग्रजाचं हाय, अंग दुसऱ्याच कुणाचं.’ पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले, की हे इंजिन करणारा मॉरिसचा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ साली तो मॉरिसने विकत घेतला. तेथली यंत्रे मिलिमीटरची होती म्हणून आटे फ्रेंच राहिले, आणि इंग्रज कारागिरांच्या हातातले पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थ ठेविली. इतिहासाचे एक पान मिस्त्रींनी एका बोल्टावरून वाचले होते. नंतर त्यांनी लेथवर तसे बोल्ट कातून घेतले. ते आजही गाडीत आहेत.

दुसरी गोष्ट लाकडाची. या मोटारीच्या पत्र्याखाली अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा असतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाने ते लाकूड आकसले, सांधे सुटले, दारे लोंबू लागली. मुंबईच्या एका सभासदांनी सागवान सुचविले. आम्ही ज्यांना काम दिले ते मागांची दुरुस्ती करणारे सुतार होते. हातमागाची चौकट वर्षानुवर्षे धक्के खाऊन सैल कशी होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सागवान हातात घेऊन परत ठेवले. ‘ह्ये कपाटाला बरं. गाडीला बाभळ पायजे.’ आम्ही हसलो; त्यांच्या मनात बैलगाडी होती. पुढे कळले की इंग्लंडातही गाड्यांच्या चाकांना अ‍ॅशच वापरीत, कारण ते धक्का सोसते आणि तुटत नाही. आणि आपल्याकडे तेच काम बाभूळ करते. दोन देशांतले गाडीवान सुतार एकाच निर्णयाला पोहोचले होते. बाभळीचा सांगाडा मूळच्याहून थोडा जड झाला. सांधे मात्र १९८६ पासून सुटलेले नाहीत.

मिस्त्री २००९ साली वारले. त्यापूर्वी एकदा, त्यांच्याविषयी लिहावे असे मनात येऊन, आम्ही विचारले होते. ते म्हणाले, ‘लिवा की. पण पंप मागं का न्हेला ते नीट लिवा. मागल्या बारीला तुमी कारण लिवलंच नव्हतं.’ आम्ही लेख काढून पाहिला. खरेच, आकृती होती, मापे होती, कारण नव्हते. आमच्या लेखावर याहून अचूक टीका कोणी केलेली नाही.

सुतार त्यांच्याही आधी गेले. गेल्या वर्षी मोटारीच्या तळाच्या फळ्या बदलण्यासाठी काढल्या, तेव्हा बाभळीच्या आडव्या तुळईच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने लिहिलेली मापे दिसली. त्याखाली १९८६ हे साल, आणि त्याखाली एक ओळ. ती ओळ आम्ही १९८६ सालीही पाहिली होती आणि सुताराची काही सांकेतिक खूण असेल म्हणून सोडून दिली होती. ती तेलुगू होती. या शहरात मागावर बसणारी निम्मीअधिक पेठ तेलुगू बोलते. आमचे सारे आयुष्य तिच्या शेजारी गेले, आणि आम्हांस ती लिपी वाचता येत नाही. शेजाऱ्यांच्या सुनेला बोलाविले. तिने वाकून वाचले. सुतारांचे नाव होते, वडिलांचे नाव होते, आणि ‘याने केले’ असे दोन शब्द होते.

स्मरणिकेसाठी आम्ही पाठविलेल्या मजकुरात घाट नाहीत, वेग नाहीत, पारितोषिके नाहीत. पंप मागे का नेला, बोल्टाचे आटे कसे जुळविले आणि बाभूळ का निवडली, एवढेच आहे. आणि प्रत्येक वाक्यात क्रियापदाचा कर्ता जो होता तोच ठेविला आहे. दोघांचीही नावे छापण्यासाठी त्यांच्या मुलांची अनुमती मागितली आहे; ती येईपर्यंत त्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. कार्यवाहांचे पत्र आले की मजकूर चांगला आहे, पण त्यात आपण स्वतः फारसे कोठे दिसत नाही. इंदापूरजवळच्या कडुनिंबाखाली आम्ही आहोत, असे त्यांस कळविले आहे.